जुना फोन भंगारात टाकण्याआधी

शिरवळसारख्या महामार्गालगतच्या औद्योगिक गावात महिन्याच्या पगारातून नवा फोन घेणं म्हणजे मोठा खर्च. म्हणून माझं ठाम मत आहे : बहुतेक जुने फोन यंत्र म्हणून निकामी होत नाहीत, कंपनीचे अपडेट थांबल्यामुळे मागे पडतात. २०१४ साली भारतात आलेला पहिला मोटो जी बघा. कंपनीने तो अँड्रॉइड ५.१ वर सोडला. स्वयंसेवकांच्या लिनिएज ओएस या अँड्रॉइडवर आधारित प्रणालीने त्याच यंत्रावर ७.१ चालवून दाखवलं. हा फरक दिखाऊ नाही. अनेक साइटना सुरक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या लेट्स एनक्रिप्टचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र ७.१.१ पासूनच अँड्रॉइडमध्ये आहे. त्याआधीच्या फोनच्या ब्राउझरमध्ये अनेक साइट सुरक्षेचा इशारा देतात.

अशी प्रणाली टाकायला फोनचा बूटलोडर (सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्राम) उघडावा लागतो आणि तो उघडला की बँकेची अ‍ॅप अडतात, हा आक्षेप रास्तच आहे. प्रोसेसर आणि मोडेमचं बंदिस्त फर्मवेअरही जुनंच राहतं. म्हणून अशा फोनवर पैशांचे व्यवहार नकोत. पण पोरांचा अभ्यास, रेडिओ, पीडीएफ, नकाशे यांना तो पुरतो. फ्लॅश करण्याआधी, म्हणजे नवी प्रणाली चढवण्याआधी, मॉडेलचं सांकेतिक नाव तिच्या फाइलशी जुळवा, बॅकअप घ्या, कारण अनलॉक करताना सगळा डेटा पुसला जातो. आणि बॅटरी फुगलेली असेल, तर आधी ती बदला.