मालवणला स्कूबा करायला निघालात? पैसे देण्याआधी एवढं विचारा

प्रतिनिधी : दिवाळी झाली, सोयाबीन-कापसाचे चार पैसे हातात आले की गावागावांतून क्रूझर, ट्रॅव्हलर कोकणाकडे निघतात. मालवण, तारकर्ली, सिंधुदुर्ग किल्ला हा ठरलेला मार्ग. किल्ला पाहून झाला की पोरांचा एकच हट्ट, स्कूबा करायचं. मालवणच्या धक्क्यावर पाय ठेवायचा अवकाश, 'दादा, स्कूबा? व्हिडिओ फ्री!' म्हणत एजंट गाठतात. दोनशे रुपये कमी करून घेतले की आपण खूश. पण ज्याच्या हातात आपला जीव द्यायचा, त्याला आपण एकही प्रश्न विचारत नाही.

मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. म्हणजे धोका फक्त पाण्याखाली नसतो, बोटीतही असतो. घाबरून जाऊ नये असं मुळीच नाही. हजारो लोक दरवर्षी मासे, प्रवाळ पाहून आनंदाने परततात. फक्त माणूस पारखून घ्यावा.

विहिरीत पोहणं वेगळं, स्कूबा वेगळं

'आम्ही लहानपणापासून विहिरीत सूर मारतो, आम्हाला काय शिकवता?' असं गावाकडची पोरं म्हणतात. नेमकी इथंच चूक होते. विहिरीत बुडी मारताना आपण वरची हवा छातीत भरून श्वास रोखतो. स्कूबात मात्र पाण्याखाली सिलिंडरमधली हवा घेतो, आणि ती तिथल्या दाबाची असते. १० मीटर म्हणजे साधारण ३३ फूट खोलीवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथं छातीभर हवा घेऊन श्वास रोखला आणि वर आलं, तर ती हवा फुगून दुप्पट व्हायला बघते. त्याने फुप्फुस फाटू शकतं. माणूस घाबरून झटकन वर आला तर थोड्या खोलीवरूनही हे होऊ शकतं. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीच रोखायचा नाही. सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा.

दुसरं कानाचं. विहिरीत खोल गेल्यावर कान दुखतात, तसंच इथंही होतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की कान मोकळे होतात. हे दुखायला लागण्याआधीच करायचं. तरी दुखलं तर थांबायचं, तसंच खाली जायचं नाही.

तिसरं खुणांचं. आपण 'लय भारी' म्हणायला अंगठा दाखवतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा.

या तिन्ही गोष्टी समजावून सांगितल्याशिवाय, उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायचा सराव करून घेतल्याशिवाय जो थेट खाली नेतो, त्याच्याकडे जाऊच नका.

भरवशाचा माणूस कसा ओळखावा?

• तो आधी तब्येत विचारतो. दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यापैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदर बाईने तर उतरूच नये. सर्दीने नाक चोंदलं असेल किंवा दारू घेतली असेल तर त्या दिवशी नाहीच. फॉर्म भरायला दिला तर खरं लिहा. लपवलं तर नुकसान आपलंच.

• पाण्याखाली सोबत कोण येणार, हे तो दाखवतो. त्याचं प्रशिक्षण कुठलं, कार्ड आहे का, ते बघा. नवख्या माणसासोबत प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ हाताच्या अंतरावर हवा. एकटाच माणूस सहा-सात जणांना घेऊन जाणार असेल तर परत फिरा.

• वय आणि खोलीची मर्यादा तो पाळतो. पॅडी या जागतिक प्रशिक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे १० वर्षांखालच्या मुलाला समुद्रात स्कूबा नाही, आणि पहिल्यांदा उतरणाऱ्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. 'सात वर्षांचा आहे ना, चालतंय की' म्हणणारा पैशाकडे बघतोय, पोराकडे नाही.

• सामान दाखवायला तो कुरकुर करत नाही. सिलिंडरचा काटा बघा, भरलेला आहे का. नळीला चिरा नसाव्यात. तोंडाला लावून दोन-चार श्वास घेऊन बघा. तेलाचा, धुराचा वास आला तर ती हवा घेऊ नका.

• बोटीत चढण्याआधी तो लाइफ जॅकेट देतो, फक्त फोटोपुरतं नाही तर जाताना-येताना दोन्ही वेळा. बोटीला परवाना, विमा आहे का, किती माणसांची परवानगी आहे, हे विचारा. डोकी जास्त दिसली तर उतरा. बोटीवर प्राणवायूचं सिलिंडर आणि प्रथमोपचार पेटीही हवी.

पावसाळ्यात मालवणची स्कूबा बंद असते. त्या दिवसांत कोणी 'गुपचूप नेतो' म्हणाला तर ऐकू नका. हंगामातही वारा, लाटा वाढल्या तर फेरी रद्द होते. त्यावर चिडू नका.

पैसे कुठे द्यायचे?

मोबाईलवर रील बघून अनोळखी नंबरला सगळी रक्कम आगाऊ टाकू नका. एजंट नुसता पोहोचवणारा असतो, खाली नेणारा दुसराच. म्हणून सेंटरवर जाऊन, माणूस आणि सामान बघून पैसे द्या, पावती घ्या. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथंही चौकशी करता येते. मुक्कामाच्या घरमालकाला विचारा, 'तुमच्या घरच्या पोराला कोणाकडे पाठवाल?' उत्तर खरं मिळतं.

अंदमानला विमानाने जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शेवटच्या स्कूबानंतर किमान १८ तास तरी विमानात बसू नये.

समुद्रात काही अडचण आली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. निघण्याआधी मोबाईलमध्ये सेव्ह करा.

एवढं करूनही ऐनवेळी मन कच्चं झालं तर उतरू नका. पैसे गेले तर पुढच्या हंगामात पुन्हा मिळतील. आणि 'दादा, आज तुम्हाला नेत नाही' असं जो तोंडावर सांगतो, त्याचा राग मानू नका. गिऱ्हाईक सोडायची ज्याची तयारी आहे, तोच खरा भरवशाचा.