मानेसारखा चेहरा

हडपसरचं गाडीतळ. उड्डाणपुलाखाली पीएमपीच्या बसा, शेअर रिक्षा आणि सोलापूरकडे निघालेले ट्रक एकाच वेळी हॉर्न वाजवतायत. रस्त्यालगतच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या मागच्या खोलीत पडदे ओढलेले, एसी सुरू. मॉनिटरभर एका नवरीचा गाल, कान आणि मान दिसतेय. लग्नसराई सरत आलीय, पण अल्बमांचं काम तुंबलंय.

रिटचिंग करणारी ताई पेन टॅबलेटवर झुकलीय. शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर नवरीची मोठी बहीण बसलीय. ती फुरसुंगीहून आलीय आणि निवडलेल्या फोटोंचे नंबर तिच्या वहीत आहेत.

“हे बघा,” ताई फोटो सरकवत पेनाच्या टोकानं मला एकेक जागा दाखवते. कपाळ गुलाबी आहे, ते फाउंडेशनचं. मान गव्हाळ, ती नवरीची स्वतःची. गळ्याच्या घडीत आदल्या दिवशीची हळद अजून पिवळी दिसतेय. डाव्या गालावर स्टेजच्या एलईडीचा जांभळा रंग सांडलाय, उजव्या गालावर व्हिडिओवाल्याच्या लाइटचा पिवळा. मेंदीनं भरलेल्या हातांचे पंजे मनगटापासून एकदम सावळे होतात, कारण रोजच्या ड्रेसची बाही तिथं संपते आणि स्कूटरचं हँडल उन्हात असतं. तोंडाला स्कार्फ बांधून गाडी चालवणाऱ्या पुण्यातल्या मुलींच्या डोळ्यांभोवतीही अशीच रापलेली पट्टी असते. या फोटोत ती मेकअपखाली गेलीय.

“सगळं एकसारखं करा,” बहीण म्हणते, “आणि जरा उजळ करा की.”

ताई हसते, बोलत नाही. आधी रंग, उजेडाचं नंतर, असा तिचा क्रम आहे. फोटोशॉपमध्ये ती ह्यू-सॅच्युरेशनचा नवा लेअर घेते, लाल रंगाचा पट्टा निवडते आणि ड्रॉपर जांभळट गालावर टेकवते. मग ह्यूची, म्हणजे रंगछटेची, पट्टी थेट टोकाला ओढते. नवरीचा गाल हिरवागार होतो.

“अगं बाई!” बहीण स्टुलावरून अर्धी उठते.

“थांबा, काकू. कुठला भाग पकडलाय ते कळावं म्हणून केलंय.” रंगाचा पट्टा ती अरुंद करत नेते. हिरवा रंग मानेवरून उतरतो, नाकावरून उतरतो आणि शेवटी कातडीवर फक्त त्या डागापुरता उरतो. आता ह्यू पुन्हा शून्यावर येतो आणि तिथून अगदी थोडा पिवळ्याकडे सरकतो. जांभळट झाक निघून जाते. पण कुंकवाचा मळवट, ओठ आणि शालूचा काठही लालच असल्यानं तेही हलतात. ताई काळ्या मास्कनं पूर्ण लेअर झाकते आणि मऊ ब्रशनं, हलक्या हातानं, फक्त गालावर उघडते. कातडीची छिद्रं आणि गालावरची बारीक लव जागच्या जागी राहते. सरसकट ‘स्मूथ’ करणारा फिल्टर तिच्याकडेही आहे, पण तो मारला की चेहरा मेणाचा दिसतो.

पलीकडच्या टेबलावर याच लग्नाचा व्हिडिओ एडिट होतोय. तिथल्या स्क्रीनच्या कोपऱ्यात रंग मोजणाऱ्या वेक्टरस्कोपचं वर्तुळ आहे आणि त्यात कातडीच्या रंगाची एक तिरपी रेषा आखलेली आहे. नवरीच्या गालाचे ठिपके त्या रेषेजवळ जमलेत. एडिटर वरातीतल्या बँडवाल्यांवर येतो. ते नवरीपेक्षा कितीतरी काळे आहेत, पण त्यांचेही ठिपके त्याच रेषेला चिकटतात. रक्ताचा लाल आणि मेलॅनिनचा तपकिरी सगळ्यांच्याच कातडीत असल्यानं चांगल्या उजेडात माणसांचा ह्यू जवळपास एकच येतो. फरक पडतो तो उजळपणात आणि रंगाच्या दाटपणात. म्हणजे डाग काढायला माणूस गोरा करावा लागत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत.

स्टुडिओचे मालक चहाचे ग्लास घेऊन आत येतात. निगेटिव्हच्या काळात त्यांनी हे काम शिसपेन्सिलीनं केलंय. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड आणि वरून टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. “पेन्सिलीनं माणूस फक्त गोरा होतो,” ते सांगतात. “काळा करायचा तर ब्लेडनं इमल्शन खरवडावं लागायचं. कोण करणार?” रंगीत प्रिंटच्या लॅबचं माप तर बाहेरूनच आलेलं होतं. कोडॅकचं ‘शर्ली कार्ड’ समोर ठेवून रंग जुळवले जात, आणि त्या कार्डावर गोरी बाई असे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं 1990च्या दशकात आली.

ताईच्या स्क्रीनवर आता गुलाबी कपाळ आणि गव्हाळ मान समोरासमोर आहेत. यातलं एक दुसऱ्यासारखं करायचंय. कोणतं कोणासारखं, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

“मान उजळवा ना,” बहीण म्हणते.

“नवरीला विचारूया का?”

बहीण नाखुशीनं व्हिडिओ कॉल लावते. नवरी ऑफिसच्या जिन्यात उभी आहे, गळ्यात मगरपट्ट्यातल्या कंपनीचं ओळखपत्र. ताई फोन मॉनिटरसमोर धरते. नवरी क्षणभर बघते. “मानेसारखा चेहरा करा,” ती म्हणते. “चेहऱ्यासारखी मान नको. आणि माझ्या ताईचं ऐकू नका!” बहीण तोंड वाकडं करते, पण वहीत त्या नंबरापुढे खूण करते.

तेवढ्यात लोणी काळभोरचे एक आजोबा नातवाचा हात धरून आत येतात. सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम आहे, फ्लेक्स करायचाय. मघाशी पुढच्या खोलीत काढलेला फोटो ताई उघडते. फोटोग्राफरनं टोपी काढायला लावलीय. भुवयांच्या थोडं वर एक सरळ रेघ आहे. रेघेखाली उन्हानं तांबूसकाळा झालेला चेहरा, वर टोपीनं आयुष्यभर झाकलेलं फिकट कपाळ.

मला ती रेघ फार आवडते. नातवालाही. “राहू द्या ताई, नॅचरल आहे.”

“काढ ती,” आजोबा म्हणतात. “रानात राबताना बघायला कोण आलं होतं? आता फ्लेक्सवर कशाला दाखवायचं?”

नातू काही बोलू पाहतो, मीही. पण चेहरा आजोबांचा आहे. ताई नवा लेअर घेते.

“आजोबा, कपाळ गालासारखं करू, का गाल कपाळासारखे?”

“गालासारखं कर, पोरी,” आजोबा टोपी डोक्यावर बसवत म्हणतात. “नाहीतर कार्यक्रमाला आलेले पाहुणे मलाच विचारतील, म्हातारं कुठंय?”