लिनक्स वायरलेस ड्रायव्हर

लिनक्स वायरलेस ड्रायव्हर हे लिनक्स कर्नेल आणि संगणकातील वाय-फाय चिप यांच्यात दुवा साधणारे सॉफ्टवेअर होय. कर्नेलमध्ये समाविष्ट असलेले असे ड्रायव्हर मुक्त स्रोत असून मुख्यतः सी भाषेत लिहिलेले आहेत. त्यांचा स्रोत कोणालाही वाचता आणि बदलता येतो. नवशिक्या प्रोग्रॅमरला संपूर्ण ड्रायव्हर लिहिण्याची गरज नसते. अस्तित्वात असलेल्या ड्रायव्हरमधील एखाद्या ओळीच्या बदलापासूनही सुरुवात करता येते.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात अनेक उत्पादक आपल्या चिपची तांत्रिक माहिती जाहीर करीत नसत. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी स्वयंसेवकांनी कामाची विभागणी केली. एका गटाने मूळ ड्रायव्हरचा अभ्यास करून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहिले, तर दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. हा ड्रायव्हर २००६ मध्ये कर्नेलमध्ये आला. २००७ मध्ये २.६.२२ या आवृत्तीत ‘मॅक८०२११’ हा सामाईक स्तर समाविष्ट झाला. २००८ मध्ये अथेरॉस कंपनीने ‘एटीएच९के’ हा मुक्त ड्रायव्हर स्वतःहून प्रसिद्ध केला.

रचना

जाळ्याशी जोडणी करणे, चौकटी तयार करणे यांसारखी सर्व चिपना समान असलेली कामे मॅक८०२११ हा स्तर करतो. ड्रायव्हरकडे विशिष्ट चिपशी संबंधित कामे उरतात. काही चिपमध्ये मात्र ही समान कामेदेखील चिपमधील फर्मवेअरच करते. फर्मवेअरचा स्रोत बहुधा बंद असल्याने त्यातील दोष ड्रायव्हर बदलून नेहमीच दूर करता येत नाहीत.

पहिला बदल

प्रत्येक यूएसबी उपकरणाला उत्पादक क्रमांक आणि उत्पादन क्रमांक असतो. उपकरण जोडताच कर्नेल हे क्रमांक ड्रायव्हरांच्या तक्त्यांत शोधतो. जुनीच चिप नव्या क्रमांकाने बाजारात आल्यास ड्रायव्हर उपलब्ध असूनही उपकरण बंद राहते. अशा वेळी पुढील क्रम उपयोगी पडतो:

१. ‘एलएसयूएसबी’ या आज्ञेने उपकरणाचे क्रमांक पाहावेत.
२. आत कोणती चिप आहे याची खात्री करावी. एकाच नावाच्या उपकरणात वेगवेगळ्या चिप असू शकतात.
३. ‘न्यू_आयडी’ या फाइलद्वारे तो क्रमांक ड्रायव्हरला तात्पुरता कळवून पाहावा. यासाठी कर्नेल नव्याने बांधावा लागत नाही.
४. उपकरण चालल्यास तक्त्यात एक ओळ वाढवून मोड्यूल बांधावे.
५. ‘चेकपॅच’ने मांडणी तपासून बदल देखभालकर्त्यांकडे पाठवावा.

हा बदल स्वीकारला गेल्यास तेच उपकरण वापरणाऱ्या इतरांनाही पुढील आवृत्त्यांत त्याचा लाभ मिळतो.

चाचणी

साध्या प्रोग्रॅममधील चूक सहसा त्या प्रोग्रॅमपुरतीच राहते. कर्नेलमधील चुकीने संपूर्ण संगणक थांबू शकतो. म्हणून सराव आभासी यंत्रावर करणे श्रेयस्कर ठरते. ‘मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम’ हे मोड्यूल कृत्रिम रेडिओ निर्माण करते. त्यामुळे वाय-फाय कार्ड नसतानाही सामाईक स्तराचे कार्य अभ्यासता येते. प्रत्यक्ष उपकरणावरील दोष शोधताना ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलचे संदेश वाचता येतात.

कायदेशीर मर्यादा

स्रोत बदलण्याची मुभा म्हणजे कोणत्याही लहरींवर प्रक्षेपण करण्याची मुभा नव्हे. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील वापर २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्‌झमधील विस्तृत पट्टे २०१८ मध्ये शक्तीच्या मर्यादेसह परवानामुक्त करण्यात आले. कर्नेल देशनिहाय नियमांची नोंद ठेवतो. ती डावलून शक्ती वाढविल्यास इतर सेवांत अडथळा येऊ शकतो आणि नियमभंग होतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुक्त वायरलेस सॉफ्टवेअरचा उपयोग महाराष्ट्रात ग्रामीण जोडणीसाठीही झाला आहे. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील सात गावांत दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील न वापरलेल्या वाहिन्यांवरून इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्यातील उपकरणांसाठी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली वापरण्यात आली. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि सी भाषेचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. ड्रायव्हरचा स्रोत वाचण्यापूर्वी लागणारी पूर्वतयारी त्यांतून करता येते.