डोंगरातला पारिजातक

धारणीहून बऱ्हाणपूरला निघालं की मेळघाटाची रानं मागे पडतात आणि देडतलाई येते. इथे राज्य बदलतं. माती आणि झाडोरा तोच राहतो. याच सातपुड्याच्या खडकाळ उतारांवर, सागाच्या सोबतीनं, खरखरीत पानांचं आणि चौकोनी कोवळ्या फांद्यांचं एक झुडूप दाटीनं वाढतं. उन्हाळ्यात त्याची पानं झडून जातात. पायाशी मुरूम, वर ४५ अंशांच्या आसपासचं ऊन, आणि शेळ्याही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. हा पारिजातक. आपण अंगणात लावतो आणि पहाटे ज्याचा सडा वेचतो, तोच.

फूल नाजूक म्हणून झाडही नाजूक असणार, असा आपला समज होतो आणि तिथून त्याचे हाल सुरू होतात. खड्डाभर शेणखत, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी. काळ्या मातीत तर हा लाड जिवावरच बेततो. ही माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातली हवेची वाट बंद होते आणि मुळं गुदमरून कुजतात. मी आजवर बागांमध्ये पाहिलेली डोंगरातली झुडपं तहानेपेक्षा पाण्यानंच जास्त मेली आहेत.

ती डोंगरात जगतात कशी? पानाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म रंध्रं असतात. कर्बवायू आत घ्यायला ती उघडावी लागतात, आणि उघडली की पाण्याची वाफ बाहेर जाते. म्हणून कडक उन्हात झुडूप रंध्रं मिटून घेतं. तेवढ्यानं भागलं नाही तर पानंच गाळतं आणि हिशेब बंद करून बसतं. धायटी, कुडा, गेळ ही मंडळी याच वाटेनं जातात. रुईनं दुसरी वाट धरली आहे: जाड पान आणि त्यावर मेणाचा पांढुरका थर.

खरी करामत मात्र जमिनीखाली चालते. सातपुड्याच्या या भागात माती अनेक ठिकाणी वीतभरच असते. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट. त्याला भेगा असतात, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुरलेलं पाणी त्या भेगांत टिकून राहतं. झुडपाचं मूळ भेग शोधत खाली उतरतं. बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यातही हीच समज आहे. १६१५च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून जमिनीखाली झिरपत येणारं पाणी ओळीनं खोदलेल्या कुंड्या आणि त्यांना जोडणारं भुयार यांतून शहराकडे वळवलं गेलं. वरून रखरखीत दिसणाऱ्या जमिनीत पाणी कुठे आहे हे त्या कारागिरांनी ओळखलं होतं. झुडपाच्या मुळाला ते त्यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. १९८७ साली रिचर्ड्स आणि काल्डवेल या संशोधकांनी अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातल्या एका झुडपाविषयी दाखवून दिलं की, खोल मुळांनी ओढलेलं पाणी रात्री वरच्या कोरड्या मातीत पाझरतं. रंध्रं मिटली की ओढ पानांकडे राहत नाही, कोरड्या मातीकडे वळते. त्या ओलाव्यावर शेजारची उथळ मुळांची झाडंही जगतात. पुढे इतर अनेक झाडांतही हे आढळलं.

म्हणून बागेत सगळा भर मुळांवर हवा. नर्सरीतलं पुरुषभर उंचीचं झाड मोहात पाडतं, पण पिशवीत गोल फिरलेलं त्याचं मूळ खाली जायला विसरलेलं असतं. वीत-दीड वीत उंचीचं रोप घ्या. पहिला चांगला पाऊस पडून गेला की लावा. काळी माती असेल तर मुरूम मिसळून उंचवटा करा आणि रोप त्यावर बसवा. खड्ड्यात भरपूर खत घातलं तर मूळ तिथेच रेंगाळतं. पालापाचोळा वर पसरायचा. पावसाळा सरल्यावर पहिल्या वर्षी दहा-पंधरा दिवसांनी एकदाच, पण खोलवर मुरेल इतकं पाणी द्या. रोजचा तांब्याभर शिडकावा मुळांना वरच खिळवून ठेवतो. दुसऱ्या वर्षी पाळ्या लांबवत न्या.

कुंपणाला निरगुडी लावा. तिची फांदीही मातीत खोचली तर फुटते आणि गुरं तिच्या वासानं दूर राहतात. काटेरी कुंपण हवं असेल तर करवंद. जाळी दाट होते आणि मुलांना रानमेवा मिळतो. मुरमाड कोपऱ्यात तरवड घाला. त्याच्या बियांचं कवच कठीण असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवल्या तर उगवण सुधारते. निसर्गात मात्र तो कठीणपणाच कामाचा: सगळ्या बिया एकाच पावसाला उगवल्या आणि मध्येच उघडीप पडली तर पिढीच संपेल. उतार असेल तर धायटी. होळीच्या सुमारास तिच्या फांद्या तांबड्या फुलांनी भरतात आणि शिंजीर पक्षी मधासाठी हेलपाटे घालतात. आयुर्वेदात आसव-अरिष्टं आंबवायला हीच फुलं वापरतात.

काटकपणा पाहून मात्र काहीही लावू नये. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचं झुडूप म्हणून अमेरिका खंडातून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात टणटणी आणली. तीही काटकच होती. तिनं आज देशभरातल्या रानांत गवत आणि लहान झुडपं दाबून टाकली आहेत. तिची रंगीत फुलं पाहून अजूनही कुणी ती कुंपणाला लावतं तेव्हा वाईट वाटतं.

पारिजातकाला आठ-दहा फुटांची मोकळी जागा ठेवा, तो छान पसरतो. आणि चैत्र-वैशाखात त्याचं एकही पान उरलं नाही तर मेला समजून उपटू नका. फांदीची साल नखानं जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं, तर तो पावसाची वाट पाहतो आहे.