शहाजीची नाटकं, सरफोजीची पुस्तकं

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या रस्त्याला लागलं की दहाएक किलोमीटरवर नाचियारकोविल येतं. दगडी गरुडाचं मंदिर आणि पितळी समया ही या गावाची ओळख. उत्सवात तो गरुड गाभाऱ्यातून निघतो तेव्हा खांदा द्यायला चौघे पुरतात. पुढे आठ, सोळा, बत्तीस अशी माणसं लागत जातात, असं इथे सांगतात. मला मात्र या रस्त्याची ओढ वेगळ्या कारणाने आहे. तो जिथे जातो त्या तिरुवारूरच्या त्यागेशाचा एक निस्सीम भक्त तंजावरच्या गादीवरचा भोसला होता, आणि नाटककारही होता.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचा मुलगा शहाजी १६८४ मध्ये गादीवर आला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. १७१२ पर्यंत त्याने राज्य केलं. कुंभकोणमजवळचं तिरुविशनल्लूर त्याने विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं आणि त्या गावाला शहाजीराजपुरम हे नाव पडलं. स्वतः तेलुगूत पुष्कळ लिहिलं, त्यागेशावर ‘पल्लकी सेवा प्रबंध’ रचला, आणि मराठीत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’. हे नाटक १६९० च्या आसपासचं मानतात. ‘पंचभाषाविलासा’त तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी बोलणारी पात्रं एकाच रंगमंचावर येतात. मला हे फार मोलाचं वाटतं. दरबाराची विद्या तेलुगू-संस्कृतात, रयत तमिळ, राजाच्या घरची बोली मराठी. यातली कोणतीही भाषा दाराबाहेर ठेवावी असं त्या तरुण राजाला वाटलं नाही.

मराठी रंगभूमीचा जन्म आपण सांगलीत धरतो. ५ नोव्हेंबर १८४३, विष्णुदास भावे, ‘सीता स्वयंवर’. ही तारीख मलाही प्रिय आहे आणि भाव्यांचं श्रेय तसूभरही कमी नाही. पण तंजावरची नाटकं त्याच्या दीडशे वर्षं आधीची आहेत. शिवाय दोन्हीकडे एक धागा सारखाच दिसतो. भाव्यांना नाटक करायला सांगितलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांनी, कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. शहाजीसमोर तेलुगू यक्षगान होतं. म्हणजे मराठी नाटक दोनदा उभं राहिलं आणि दोन्ही वेळा दक्षिणेचं बोट धरून. आपल्या नाट्येतिहासात तंजावरची पानं पुरवणीसारखी मागे जोडलेली असतात. माझ्या मते ती पहिल्या प्रकरणात हवीत.

शहाजी लिहिणारा, तर पुढे त्याच गादीवर आलेला दुसरा सरफोजी वाचणारा. १७७७ चा जन्म, दत्तक पुत्र, वारशाच्या वादात अडकलेलं बालपण, आणि डोक्यावर हात श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा. १७९८ मध्ये गादी मिळाली; पुढच्याच वर्षी कंपनी सरकारशी तह होऊन मुलखाचा कारभार गेला. किल्ला आणि तनखा एवढंच हाती उरलं. अशा अवस्थेतल्या राजांनी काय काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. सरफोजीने पुस्तकं जमवली. तंजावरच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेला पोथ्यांचा संग्रह त्याने असा वाढवला की आज तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात एकोणपन्नास हजारांच्या घरात हस्तलिखितं आहेत. १८२० च्या सुमारास मोठा लवाजमा घेऊन तो काशीयात्रेला गेला आणि तिथूनही पोथ्या आणवल्या. युरोपातून छापील ग्रंथ मागवले: वैद्यक, भूगोल, कोश, चित्रांची पुस्तकं. त्यातल्या कितीतरींवर त्याची इंग्रजी सही आहे. चेहऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या शार्ल ल ब्रुनची चित्रं, ज्यात माणसाचं तोंड घुबडाशी नि बैलाशी ताडून पाहिलेलं आहे, ती या संग्रहात बघताना हा माणूस कुठल्या कुतूहलाने पुस्तक उघडत असेल ते कळतं.

वाचलेलं त्याने कपाटात ठेवलं नाही. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी त्याने चित्रांसह ठेवून घेतल्या. देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि तिथे १८०६ च्या सुमारास इसापनीतीचं मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ छापलं गेलं. त्या तुलनेत मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं ते थेट १८३१ मध्ये. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात त्याने १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत कोरून घेतला. भिंतीच्या भिंती भरल्या आहेत.

आणि त्याने नाटकही लिहिलं. ‘देवेंद्र कोरवंजी’. कोरवंजी हा मूळचा तमिळ प्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते, नायिकेचा हात पाहते, आपल्या मुलखाचं वर्णन गाते. सरफोजीने तो साचा घेतला आणि त्या बाईच्या तोंडी साऱ्या जगाचा भूगोल घातला, मराठी पदांत! दूरदूरच्या देशांची नावं तालावर येतात. ग्रंथालयात नकाशे पाहणारा आणि नाटकशाळेत बसणारा माणूस एकच असल्याशिवाय ही कल्पना सुचणार नाही. पुस्तकाचं वेड आणि नाटकाचं वेड एकाच माणसात असं एकवटलेलं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलं.

१८३२ मध्ये सरफोजी गेला. १८५५ मध्ये त्याचा मुलगा शिवाजी औरस पुत्राविना वारला आणि राज्यही गेलं. पोथ्या राहिल्या. बर्नेल या इंग्रज संस्कृतज्ञाने तिथल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० मध्ये पुरी केली, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांसाठी खुलं झालं. पुस्तकांचा हा धागा बडोद्यापर्यंतही पोचतो. कुंभकोणममध्ये १८२८ साली तंजावरी मराठी घरात जन्मलेले टी. माधवराव बडोद्याचे दिवाण झाले आणि कोवळ्या सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभाराचे धडे दिले. त्याच सयाजीरावांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला आणून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. या तंजावरी मराठी माणसांची आठवण तमिळ साहित्यानेही ठेवली. ति. जानकीरामन यांच्या कुंभकोणममध्ये घडणाऱ्या ‘मोहमुळ्’ कादंबरीतली यमुना ही मराठी आईची मुलगी आहे. तमिळमधल्या एका अविस्मरणीय नायिकेच्या घरात मराठी बोलली जाते, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असेल.

सरस्वती महालात मराठी हस्तलिखितं तीन हजारांवर आहेत, शिवाय मोडी कागदांची बाडं. त्यातली काही नाटकं छापून निघाली आहेत. नाट्यशाळांतून आपण ग्रीक शोकांतिका शिकवतो, शेक्सपिअर शिकवतो, ते योग्यच आहे. त्याच अभ्यासक्रमात ‘देवेंद्र कोरवंजी’ बसवायला घ्यावी, आणि ती पदं गाण्यासाठी कुंभकोणमच्या बाजूचा एखादा मृदंगवाला बोलवावा.