मस्तिष्क कर्करोगातील बोधन-पुनर्वसन

मेंदूत उद्भवलेल्या किंवा शरीराच्या अन्य भागातून मेंदूत पसरलेल्या कर्करोगामुळे, तसेच त्यावरील उपचारांमुळे, रुग्णाच्या अवधान, स्मरण, भाषा, विचार व नियोजन या क्षमतांत उणीव निर्माण होते. या क्षमता शक्य तितक्या टिकविणे आणि गमावलेल्या क्षमतेची अन्य मार्गांनी भरपाई करणे, यांसाठी योजिलेल्या उपायांना बोधन-पुनर्वसन म्हणतात. पूर्वी रुग्णाचे आयुष्य किती वाढले यावरच उपचाराचे यश ठरविले जाई. वाढलेल्या आयुष्यात त्याची विचारशक्ती कितपत शाबूत राहिली, हा निकषही आता महत्त्वाचा मानला जातो [⟶ कर्करोग, मेंदू].

कारणे व लक्षणे : लक्षणांचे स्वरूप अर्बुदाच्या (गाठीच्या) स्थानावर अवलंबून असते. ललाटखंडातील अर्बुदात रुग्ण आपणहून कोणतेही काम सुरू करीत नाही, कामांचा क्रम चुकवितो किंवा अविचाराने वागतो. पुष्कळदा घरातील माणसे याला आळस वा हट्ट समजतात. डाव्या शंखखंडातील विकृतीत नेमके शब्द आठवत नाहीत. उजव्या पार्श्विक खंडातील विकृतीत डाव्या बाजूच्या वस्तूंकडे लक्ष जात नाही आणि परिचित रस्ताही चुकतो. शंखखंडाच्या आतील बाजूस असलेला हिप्पोकँपस हा भाग नव्या स्मृती तयार होण्यास आवश्यक असतो. अमेरिकन शस्त्रक्रियाविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अपस्माराच्या (फेफऱ्याच्या) रुग्णाचे दोन्ही बाजूंचे हे भाग बऱ्याच अंशी काढून टाकले. त्याची बुद्धी व भाषा चांगली राहिली. परंतु २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत नव्या घटना त्याच्या स्मरणात राहत नसत. जुन्या आठवणी स्पष्ट सांगणारा रुग्ण सकाळी घेतलेले औषध का विसरतो, याचा उलगडा यावरून होतो.

सर्वच उणीव अर्बुदामुळे आलेली नसते. अर्बुदाभोवतीचा शोफ (सूज), अपस्माराचे झटके, अपस्मारविरोधी औषधांमुळे येणारे मांद्य, स्टेरॉइड औषधांमुळे होणारा निद्रानाश, रक्तातील सोडियमची न्यूनता, अवटू व पोष ग्रंथींच्या हॉर्मोनांची कमतरता, रक्तक्षय, संसर्ग आणि खिन्नता यांमुळेही विचार मंदावतो. यांतील बहुतेक कारणांवर उपाय करता येत असल्याने त्यांचा शोध प्रथम घेणे आवश्यक असते.

परीक्षण : उपचार सुरू होण्यापूर्वीच बोधनक्षमतेचे मापन केल्यास पुढील बदलांची तुलना करता येते. स्मरणाच्या एका प्रचलित कसोटीत बारा शब्दांची यादी तीनदा वाचून दाखवितात आणि सुमारे वीस ते पंचवीस मिनिटांनी रुग्णाला ते शब्द पुन्हा आठवावयास सांगतात. स्मृतिभ्रंशाच्या चाचपणीसाठी वापरल्या जाणाऱ्या अल्पकालीन कसोट्यांत सौम्य दोष निसटू शकतात. कसोटी रुग्णाच्या भाषेत असावी व निष्कर्ष काढताना त्याचे शिक्षण लक्षात घ्यावे. बहुभाषी रुग्णाच्या सर्व भाषा सारख्याच प्रमाणात बाधित होतात असे नाही. म्हणून प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे तपासणे इष्ट असते.

उपचारांतील दक्षता : भाषाकेंद्राजवळील अर्बुद काढताना रुग्णाला शस्त्रक्रियेच्या काही काळ जागे ठेवून बोलते ठेवतात व महत्त्वाचे भाग ओळखून ते वाचवितात. प्रारण चिकित्सेतही क्षेत्र मर्यादित ठेवण्याकडे कल आहे. एक ते तीन दुय्यम अर्बुदे असलेल्या २१३ रुग्णांवरील एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ अर्बुदांवर केंद्रित प्रारण दिलेल्यांपैकी सु. ६४ टक्के, तर त्याच्या जोडीला संपूर्ण मेंदूस प्रारण दिलेल्यांपैकी सु. ९२ टक्के रुग्णांत तीन महिन्यांनी बोधनक्षमता घटलेली आढळली. दुसऱ्या गटात मेंदूतील रोग अधिक आटोक्यात राहिला, तरी त्यांचे आयुष्य लक्षणीय वाढले नाही. संपूर्ण मेंदूस प्रारण देणे अपरिहार्य असल्यास हिप्पोकँपसला मिळणारी मात्रा कमी ठेवता येते. ५१८ रुग्णांवरील २०२० च्या चाचणीत यामुळे बोधनऱ्हासाचा धोका घटल्याचे दिसून आले. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील २०० मुले व तरुण यांवरील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची अर्बुदे सौम्य वा मंद वाढणारी होती. अर्बुदाच्या आकारानुरूप अचूक प्रारण दिलेल्या गटाचा बुद्ध्यंक पाच वर्षांच्या काळात नेहमीच्या पद्धतीच्या गटापेक्षा चांगला राहिला.

औषधे : मेमँटिन हे औषध संपूर्ण मेंदूच्या प्रारणाबरोबर दिल्यास ऱ्हास काहीसा लांबतो, असे २०१३ च्या चाचणीत दिसले. प्रारणानंतर दीर्घकाळ जगलेल्या रुग्णांत डोनेपेझिलचा एकूण गुणांकावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. स्मरणाच्या काही कसोट्यांत मात्र अल्प सुधारणा आढळली. गमावलेली स्मृती पूर्ववत करणारे औषध उपलब्ध नाही.

पुनर्वसन : सोव्हिएट मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लूरिया यांनी दुसऱ्या महायुद्धातील मस्तिष्क-जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात, बिघडलेले कार्य शाबूत क्षमतांच्या साहाय्याने नव्या मार्गाने घडवून आणण्याचे तत्त्व मांडले. कर्करोगाच्या रुग्णांनाही तेच लागू पडते. नुसत्या पाठांतरापेक्षा बाह्य साधने अधिक उपयोगी ठरतात. सर्व नोंदींसाठी एकच वही, भ्रमणध्वनीवरील गजर, वारांचे कप्पे असलेली औषधाची डबी, किल्ल्या व चष्मा यांची ठरलेली जागा आणि कामाच्या पायऱ्या लिहिलेला तक्ता ही त्यांची उदाहरणे होत. नवी गोष्ट शिकविताना रुग्णाला अंदाज करावयास न लावता बरोबर उत्तर आधीच सांगतात आणि ते वाढत्या कालांतराने वदवून घेतात. अवघड काम थकवा नसलेल्या वेळी, एका वेळी एकच व गोंगाटापासून दूर करावे. नेदर्लंड्समधील १४० ग्लायोमा-रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत अशा प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी अवधान व शाब्दिक स्मरण यांत सुधारणा आणि मानसिक थकव्यात घट आढळली.

कुटुंबाचे साहाय्य : प्रश्न थोडक्यात विचारावा, उत्तरास वेळ द्यावा आणि विसरल्याबद्दल रागावू नये. गॅसची शेगडी, वाहन चालविणे व पैशाचे व्यवहार यांबाबत देखरेख ठेवावी. परंतु रुग्णाला जमणारी कामे काढून घेऊ नयेत. ग्लायोब्लास्टोमासारख्या तीव्र प्रकारात उपचारानंतरही बहुसंख्य रुग्णांचे आयुष्य दोन वर्षांपेक्षा कमी असते. म्हणून उपचारांविषयीची इच्छा, मृत्युपत्र व बँकेचे व्यवहार यांसंबंधीचे निर्णय रुग्णाची समज चांगली असतानाच त्याच्याशी बोलून घ्यावे लागतात. निर्णयक्षमता विषयागणिक भिन्न असू शकते. हिशेब न जमणारा रुग्ण आपली शुश्रूषा घरी व्हावी की रुग्णालयात, हे स्पष्टपणे सांगू शकतो. रोग वाढत गेल्यास उद्दिष्टे लहान करावी लागतात. अशा अवस्थेत दिवसाचा क्रम कायम राखणे आणि ओळखीची माणसे जवळ असणे यांनाच पुनर्वसनात प्रमुख स्थान येते.