गिझर ‘स्मार्ट’ करण्यापूर्वी

परळ-लालबागच्या चाळींत एके काळी आंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापत असे आणि कोळसा किती घालायचा, हे घरातल्या बाईच्या हाताला ठाऊक असे. पलीकडच्या गिरणीत बॉयलरवरच्या कामगाराची नजर दाबमापकावरून हलत नसे. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, बंबाच्या जागी गिझर आला आणि आता तो मोबाइलवरून चालविणारा ‘स्मार्ट प्लग’ही आला आहे. मात्र, प्लग लावला की गिझर शहाणा झाला, ही समजूत चुकीची आहे.

साठवणीच्या गिझरमध्ये मुळातच एक नियंत्रक असतो. ठरलेले तापमान गाठताच थर्मोस्टॅट वीज तोडतो. तो बिघडला, तर थर्मल कटआउट आणि वाफेचा दाब सोडणारी झडप धावून येते. बाहेरच्या प्लगला यातले काहीच कळत नाही; वीज देणे किंवा तोडणे एवढेच त्याला जमते. युरोपात घरे उबदार ठेवणाऱ्या बॉयलरबाबतही हीच अडचण आहे. ज्योत कमी-जास्त करू शकणाऱ्या बॉयलरला नुसता चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट जोडला, तर त्याचे निम्मे कसब वाया जाते. म्हणूनच तिथे दोन्ही उपकरणांना परस्परांशी बोलता यावे, यासाठी ‘ओपनथर्म’सारखी सामायिक भाषा तयार करण्यात आली.

आपल्याकडे खरी गोची डिजिटल गिझरची. फिरत्या खटक्याचा गिझर वीज येताच तापू लागतो. पण डिजिटल पॅनेलची काही मॉडेल्स वीज परतल्यावरही कोणी बटण दाबेपर्यंत स्वस्थ बसून राहतात. तेव्हा खरेदीपूर्वीच परीक्षा घ्यावी. पाणी तापत असताना भिंतीवरचे बटण बंद करावे आणि मिनिटभराने चालू करावे. गिझर आपणहून तापू लागला, तरच प्लगचा उपयोग.

दुसरा प्रश्न विद्युतभाराचा. दोन किलोवॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर, तर तीन किलोवॅटचा १३ अँपिअर वीज ओढतो. दहा अँपिअरचा प्लग इथे चालणार नाही. १६ अँपिअरचाच हवा, तोही अर्थिंग असलेल्या पॉवर पॉइंटवर. प्लग हाताला गरम लागला, तर तो तत्काळ काढावा.

पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास साधारण ०.६ युनिट वीज आणि दोन किलोवॅटच्या गिझरला १८ मिनिटे लागतात. त्यामुळे आंघोळीच्या अर्धा तास आधीची वेळ लावणे पुरेसे आहे. गिझर रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाही. बचतीच्या नादात टाकीतले पाणी कायम ४० अंशांवर ठेवणे मात्र शहाणपणाचे नाही. कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात. ६० अंशांवर ते मरतात.

पाइप गॅसवरचा गिझर असेल, तर हा खटाटोप करूच नये. त्याची ठिणगी बॅटरीची आणि तो पेटतो पाण्याच्या प्रवाहाने. प्लगला तिथे कामच नाही. त्या न्हाणीघराला हवी असते ती उघडी झरोक्याची जाळी. हवा खेळती नसली, की कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला ना रंग, ना वास.